प्रेक्षक मायबाप आणि नटाचा संसार

नटाने कसे वागावे, याविषयी ज्याला काहीच मत नाही असा मनुष्य आपल्या समाजात शोधून सापडावयाचा नाही. अर्थशास्त्र, शेती किंवा वैद्यक यांचा विषय निघाला की 'आम्हांस त्यातले फारसे कळत नाही' असे नम्रपणे सांगणारे गृहस्थही अमक्या नटाने दुसरे लग्न केले हे बरे की वाईट, तमक्या नटीने असा पोशाख करावा की करू नये, यावर क्षणाचाही विलंब न लावता निकाल देतात. हा निकाल पूर्वी नाटकगृहाबाहेरच्या पानाच्या दुकानापाशी दिला जाई. पुढे तो चित्रपटविषयक मासिकांच्या पानांवर दिला जाऊ लागला. आज तो हातातल्या यंत्रावरून, घरबसल्या, एका क्षणात साऱ्या जगापुढे जातो. साधने पालटली, उत्साह तोच राहिला. या उत्साहाची थट्टा करणे सोपे आहे आणि विद्वान म्हणविणारे लोक ती नेहमी करीतही असतात. परंतु जी गोष्ट पिढ्यान् पिढ्या टिकते तिच्या मुळाशी काही तरी कारण असलेच पाहिजे. म्हणून नटाच्या खाजगी वर्तनावर निकाल देण्याचा हा हक्क लोकांकडे कोठून आला, त्याचा उपयोग आजवर कसा झाला, आणि त्यातला खरा भाग कोणता व खोटा कोणता, हे इतिहासाच्या आधाराने पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

आपल्या परंपरेत नटाविषयीची दुटप्पी वृत्ती फार जुनी आहे. भरताच्या नाट्यशास्त्राने नाट्याला पाचव्या वेदाची पदवी दिली. मनुस्मृतीने मात्र ज्यांचे अन्न खाऊ नये अशा लोकांच्या यादीत शैलूषाला, म्हणजे नटाला, बसविले आणि साक्षीदार म्हणून कुशीलव चालणार नाही असेही सांगून टाकले. कला वंद्य आणि कलावंत निंद्य, असा हा न्याय! नाट्यशास्त्राच्या कर्त्यालाही ही विसंगती बोचली असावी. कारण ग्रंथाच्या अखेरीस त्याने भरतपुत्रांच्या शापाची कथा घातली आहे. या पुत्रांनी प्रहसनातून ऋषींची चेष्टा केली आणि ऋषींनी शाप देऊन त्यांची सामाजिक प्रतिष्ठा काढून घेतली, अशी ती कथा. नटाला समाजात मान का नाही, याचे उत्तर म्हणून तिच्याकडे पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. शाप नटाच्या दुर्वर्तनाबद्दल मिळालेला नाही. ज्यांची नक्कल झाली त्यांच्या रागापोटी मिळालेला आहे. प्रतिष्ठितांचे सोंग आणणारा मनुष्य प्रतिष्ठितांना नेहमीच थोडा भीतिदायक वाटतो. त्याला पंक्तीबाहेर बसविले म्हणजे ती भीती थोडी कमी होते.

आधुनिक मराठी रंगभूमीचा आरंभ आपण १८४३ या वर्षापासून मानतो. त्या वर्षी ५ नोव्हेंबर रोजी सांगली येथे विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' नाटकाचा प्रयोग केला. सांगलीचे अधिपती चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन हे या उद्योगाचे आश्रयदाते होते. १८५१ मध्ये अप्पासाहेब निवर्तले, राजाश्रय तुटला, आणि भाव्यांच्या मंडळीला पोटासाठी गावोगाव हिंडणे भाग पडले. १८५३ मध्ये ती मुंबईस आली व तेथे तिने तिकिटे लावून खेळ केले. ही घटना केवळ नाटकाच्या हिशेबाच्या वहीत नोंदण्याजोगी नाही. तिच्यामुळे नटाचा धनी बदलला. तोवर त्याचा पोशिंदा एक होता. आता जो कोणी तिकिटाचे पैसे देईल तो त्याचा पोशिंदा झाला. 'मायबाप' हा शब्द आपल्याकडे रयतेने राजाला आणि पुढे सरकारला लावलेला. नटाने तो उचलून प्रेक्षकांना लावला. प्रेक्षकांनीही तो आनंदाने स्वीकारला, आणि मायबाप म्हटल्यावर मुलाच्या वागणुकीत लक्ष घालणे हे आपले कर्तव्यच आहे असे त्यांना वाटू लागले. आम्ही ज्या हक्काची चौकशी करीत आहो त्याचा जन्म आमच्या मते येथे आहे. तो धर्मशास्त्रातून आलेला नाही, तिकिटाच्या खिडकीतून आलेला आहे.

या हक्काची पूर्ण सत्ता पाहावयाची तर नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, यांच्या चरित्राकडे वळले पाहिजे. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणून संगीत नाटकाचे युग सुरू केले. त्या युगात स्त्रियांच्या भूमिका पुरुष करीत, आणि १९०१ मध्ये भाऊराव कोल्हटकर वारल्यानंतर नायिकेची गादी जणू रिकामी पडली होती. १९०५ मध्ये राजहंस किर्लोस्कर मंडळीत आले आणि त्यांनी ती गादी अशी भरून काढली की महाराष्ट्राला दुसरे कोणी सुचेना. त्यांची शालू नेसण्याची, दागिने घालण्याची, केसांत फुले माळण्याची तऱ्हा पाहून घरंदाज स्त्रिया तिचे अनुकरण करू लागल्या. पुरुषाने स्त्रीचे सोंग घ्यावे आणि स्त्रियांनी आपण कसे दिसावे हे त्या सोंगावरून ठरवावे, अशी ही अपूर्व लोकप्रियता होती. आजच्या जाहिरातदारांना हेवा वाटावा अशी ती होती, आणि तिच्यामागे एकही जाहिरातदार नव्हता.

अशा काळी, १२ मार्च १९११ रोजी, मुंबईस खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग ठरला होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी मरण पावली. प्रयोग रद्द झाला असता तर कोणाही समंजस माणसाने नावे ठेविली नसती. परंतु प्रयोग झाला. तेवीस वर्षांचेही न झालेले ते बापाचे मन आत कोठे तरी ठेवून नारायणराव भामिनीच्या वेषात रंगमंचावर आले आणि त्यांनी प्रेक्षकांना रिझविले. ही कथा महाराष्ट्रात आज शंभर वर्षांहून अधिक काळ सांगितली जात आहे. ती शाळांतून सांगितली जाते, नाटकमंडळींच्या मेळाव्यांतून सांगितली जाते, २०११ च्या 'बालगंधर्व' चित्रपटातही ती आली. प्रत्येक वेळी ती कर्तव्यनिष्ठेचा परमोच्च नमुना म्हणूनच सांगितली जाते. त्या घरात त्या रात्री मुलीची आई होती, तिला काय वाटले असेल, हा प्रश्न कथा सांगणाऱ्याच्या मनाला सहसा शिवत नाही.

आता याच चरित्राची दुसरी बाजू पाहावी. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. तिने वैभव पाहिले आणि कर्जही पाहिले. १९३१-३२ नंतर बोलपटाने नाटकाचा धंदा मोडीत काढला. १९३५ मध्ये बालगंधर्वांनी 'प्रभात'च्या 'धर्मात्मा' चित्रपटात एकनाथांची भूमिका करून पाहिली. परंतु ते माध्यम त्यांना रुचले नाही व ते पुन्हा रंगभूमीकडे वळले. वय पन्नाशीकडे झुकत होते. या काळात कर्नाटकातून आलेल्या गोहरबाई त्यांच्या मंडळीत आल्या. गाण्यात त्यांनी बालगंधर्वांचीच शैली आत्मसात केली होती. नायिकेच्या भूमिका त्या करू लागल्या, आणि बालगंधर्व पुरुषभूमिकांत उभे राहू लागले. पुढे दोघांचा सहवास जडला. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर काही वर्षांनी, १९५१ मध्ये, त्यांनी विवाहही केला. यावर लोकांनी जे तोंडसुख घेतले त्याला सीमा नव्हती. बाई मुसलमान, गाणाऱ्या घराण्यातली. तिने आमच्या गंधर्वाला बुडविले, त्याचे पैसे खाल्ले, त्याला माणसांतून उठविले, असे आरोप घरोघर झाले आणि छापूनही आले. त्या आरोपांपैकी प्रत्येकाची छाननी करणे हा येथे आमचा विषय नाही. मंडळीचे कर्ज गोहरबाई येण्यापूर्वीच फार वाढले होते, आणि संगीत नाटकाच्या उतरत्या काळाला कोणी एक स्त्री कारण नव्हती, एवढे म्हटले तरी पुरे. आजारी, पंगू अवस्थेतील या थोर नटाची शुश्रूषा शेवटी कोणी केली, याची आठवणही टीकाकारांना फारशी राहिली नाही.

या दोन प्रसंगांना शेजारी ठेवून पाहिले म्हणजे मायबापांच्या हक्काचे स्वरूप उघडे पडते. १९११ मध्ये नटाने आपले खाजगी आयुष्य आमच्यासाठी बाजूला सारले, तेव्हा आम्ही त्याला त्याग म्हटले. पंचवीस-तीस वर्षांनंतर त्याच नटाने आपले खाजगी आयुष्य स्वतःसाठी राखले, तेव्हा आम्ही त्याला पाप म्हटले. दोन्ही वेळा नीतीची भाषा वापरली गेली. परंतु नीतीच पाहावयाची तर पहिल्या प्रसंगी शोकाकुल पत्नीजवळ थांबणे हाही धर्मच होता, आणि त्याचा विचार कोणी केला नाही. आमच्या निकालाला खरे माप होते ते एकच: नट आमचा राहिला की नाही. ज्या वर्तनाने तो आमचा ठरला ते सद्वर्तन. ज्याने तो दुसऱ्या कोणाचा झाला ते दुर्वर्तन. हे प्रेमाचे माप असेल, मालकीचे असेल. नीतीचे मात्र नव्हे.

पुरुषाला हे माप लावताना आपण पुष्कळ सूट देतो. स्त्रीला देत नाही. सिनेमाचा इतिहास या दृष्टीने फार बोलका आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' काढला त्या वेळी तारामतीच्या कामासाठी त्यांना स्त्री मिळेना. कुलीन घरांतून तर नाहीच, पण गाण्यानाचण्यावर पोट भरणाऱ्या स्त्रियांनीही नकार दिला. अखेर एका उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाने तारामती केली. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर' चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी कामे केली आणि पडद्यावर भारतीय स्त्री प्रथम दिसली. पुढे १९३२ मध्ये 'प्रभात'ने 'अयोध्येचा राजा' हा बोलपट काढला, तेव्हा तारामतीची तीच भूमिका दुर्गा खोटे यांनी केली. म्हणजे एका तारामतीपासून दुसरीपर्यंत, पुरुषापासून स्त्रीपर्यंत पोहोचावयास एकोणीस वर्षे लागली. आणि ही दुसरी तारामती मुंबईच्या एका नामांकित सॉलिसिटरची कन्या होती, सेंट झेव्हियर्स महाविद्यालयात शिकलेली होती. वर्षभर आधी 'फरेबी जाल' या चित्रपटात त्यांनी एक लहानसे काम केले होते. संसाराला पैशाची गरज होती म्हणून ते पत्करले होते. त्यावरून माहेरी व सासरी केवढे वादळ उठले याचे वर्णन त्यांनी 'मी, दुर्गा खोटे' या आत्मचरित्रात स्वतःच केले आहे. नाव बुडाले, कुळाला बट्टा लागला, हीच तेव्हाची भाषा. 'अयोध्येचा राजा' गाजला आणि तीच माणसे अभिमानाने बोलू लागली. दुर्गाबाईंच्या वर्तनात या दोन चित्रपटांच्या दरम्यान कोणताही फरक पडला नव्हता. फरक पडला तो यशात.

हा प्रश्न त्या वेळच्या नाटककारांनाही जाणवत होता. मो. ग. रांगणेकरांच्या १९४२ मधल्या 'कुलवधू' नाटकाची नायिका भानुमती ही चित्रपटात नाव मिळविणारी विवाहित स्त्री आहे. तिच्या कीर्तीने नवऱ्याचा अहंकार दुखावतो आणि घर मोडू लागते. नाटकात दोष तिच्या चारित्र्याचा नाही, हे प्रेक्षकांना स्पष्ट दिसते. ते पाहून त्यांनी टाळ्याही दिल्या. पण नाटकातल्या भानुमतीला दिलेली सहानुभूती खऱ्या आयुष्यातल्या भानुमतींना देण्याइतके मन त्यांच्यापैकी किती जणांनी मोठे केले असेल, याची आम्हांस शंका आहे.

'प्रभात'च्याच संतपटांतून याचा दाखला देता येतो. १९३६ मध्ये दामले व फत्तेलाल यांनी 'संत तुकाराम' काढला. दुसऱ्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. तुकारामाची भूमिका करणारे विष्णुपंत पागनीस हे पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत असत. असा नट तुकाराम कसा शोभेल, अशी शंका आधी घेतली गेली होती म्हणतात. चित्रपट पाहिल्यावर लोकांना पागनीस आणि तुकाराम यांत अंतर दिसेनासे झाले. लोक त्यांच्या पाया पडत, त्यांच्या चेहऱ्याच्या तसबिरी तुकारामाच्या तसबिरी म्हणून घरांतून लागल्या. पागनिसांची वृत्ती मुळातच भाविक होती. ते या भूमिकेत रमले आणि १९४३ मध्ये वारले ते जणू तुकाराम म्हणूनच. 'संत तुकाराम'नंतर पाच वर्षांनी, १९४१ मध्ये, त्याच संस्थेने 'संत सखू' काढला व हंसा वाडकर यांनी सखू उभी केली. तो अभिनय कोणत्याही कसाला उतरणारा होता. पण त्यांना कोणी संत मानले नाही. पुढे 'रामजोशी' आणि 'सांगत्ये ऐका' या चित्रपटांतील त्यांच्या तमासगीर स्त्रिया लोकांनी डोक्यावर घेतल्या आणि त्यांच्यावरून हंसाबाईंची पारख केली. सखूचे पुण्य त्यांच्या खाती जमा झाले नाही. तमासगिरिणीचे पाप मात्र नावे मांडले गेले. त्यांनी आपली खरी कहाणी आत्मकथनात सांगितली, ती १९७० मध्ये 'सांगत्ये ऐका' याच नावाने पुस्तकरूपाने आली. ती वाचताना ध्यानात येते ते असे, की लहान वयात कमावती झालेल्या एका मुलीच्या कमाईवर घरचे जगत होते, बाहेरचे रिझत होते, आणि तिला काय हवे हे विचारणारे फारसे कोणी नव्हते.

ही रीत केवळ आपल्या देशाची आहे असे मात्र कोणी समजू नये. अमेरिकेत १९२१ मध्ये रॉस्को आर्बकल या विनोदी नटावर एका तरुण नटीच्या मृत्यूसंबंधी आरोप आला. तीन वेळा खटला चालला. १२ एप्रिल १९२२ रोजी तिसऱ्या ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले. एवढेच नव्हे, तर त्याच्यावर मोठा अन्याय झाला असे लेखी निवेदनही दिले. तरी सहाच दिवसांनी चित्रव्यवसायाचे नवे नियंते विल हेज यांनी त्याच्या चित्रपटांवर बंदी घातली. न्यायासनाने सोडलेला मनुष्य तिकिटाच्या खिडकीने फासावर दिला. वर्षअखेर ती बंदी उठली. पण नटाचे आयुष्य पूर्ववत झाले नाही. याच प्रकरणाच्या सुमारास तेथील चित्रसंस्थांनी नटांच्या करारात सद्वर्तनाचे कलम घालण्यास आरंभ केला. नट नीतिमान व्हावेत यापेक्षा प्रेक्षकांनी पाठ फिरवू नये, ही त्यामागची चिंता होती, हे सांगावयास नकोच.

इन्ग्रिड बर्गमन हिचे उदाहरण तर याहून मार्मिक आहे. तिने १९४५ मध्ये जोगिणीची आणि १९४८ मध्ये जोन ऑफ आर्कची भूमिका केली होती. नंतर पती असताना ती इटालियन दिग्दर्शक रॉसेलिनी याच्याबरोबर राहू लागली व तिला मूल झाले. १४ मार्च १९५० रोजी अमेरिकेच्या सिनेटमध्ये एडविन जॉन्सन या सभासदाने तिच्यावर प्रखर हल्ला चढविला, आणि नटनट्यांना वर्तन पाहून परवाने द्यावेत असे विधेयकही मांडले. बर्गमनने जोगीण केली नसती, तर एवढा गहजब झाला असता काय? आम्हांस तसे वाटत नाही. लोकांचा राग त्या स्त्रीवर नव्हता. आपल्या मनातली संत मोडली, तिच्यासाठी तो राग होता. १९७२ मध्ये त्याच सभागृहात चार्ल्स पर्सी या सभासदाने त्या जुन्या हल्ल्याबद्दल खेद प्रकट केला. बावीस वर्षांनी आलेल्या या शहाणपणाचा उपयोग पुढच्या पिढीला झाला तरच ते खरे.

दूरदर्शनने या गोंधळात नवी भर घातली. नाटकाला व सिनेमाला मनुष्य घर सोडून जात असे. वाटेत त्याला कळत असे की आपण खेळ पाहावयास निघालो आहो. दूरदर्शन घरात आले, देवघराच्या शेजारच्या खोलीत आले. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी रामानंद सागरांचे 'रामायण' दाखविले जाऊ लागले, तेव्हा रस्ते ओस पडत, लोक स्नान करून बसत आणि कित्येक घरांत संचाला हार घातला जाई. रामाची भूमिका करणारे अरुण गोविल यांनी मुलाखतींतून सांगितले आहे, की एकदा त्यांना धूम्रपान करताना पाहून एक गृहस्थ संतापले आणि पुढे त्यांनी ती सवयच सोडली. येथे प्रेक्षकाचा हक्क बिडीकाडीपर्यंत पोहोचला. पण या कथेचा उत्तरभाग पाहण्यासारखा आहे. १९९१ च्या लोकसभा निवडणुकीत सीतेची भूमिका केलेल्या दीपिका चिखलिया बडोद्यातून निवडून आल्या आणि रावणाची भूमिका केलेले अरविंद त्रिवेदी साबरकांठ्यातून निवडून आले. १९९६ मध्ये 'महाभारता'तील कृष्ण, नितीश भारद्वाज, जमशेदपुरातून निवडून आले. राम मात्र २०२४ मध्ये मेरठहून लोकसभेत गेले. रामाच्या आधी तेहतीस वर्षे रावणाला मते पडली, यावरून लोक भूमिकेतल्या सद्गुणाला मत देतात हा समज निराधार ठरतो. ते चेहऱ्याच्या ओळखीला मत देतात, आणि त्या ओळखीला सद्गुणाचे नाव देतात.

उलट टोकाला निळू फुले यांचे उदाहरण आहे. पडद्यावर त्यांनी इतके दुष्ट पाटील, सावकार व पुढारी उभे केले की खेड्यांतील बायका त्यांना पाहून दूर सरत व शिव्या देत. प्रत्यक्षात हा मनुष्य राष्ट्र सेवा दलाच्या मुशीतून आलेला, अंधश्रद्धानिर्मूलनाच्या व इतर सामाजिक कामांत हौसेने पडणारा. कार्यकर्त्यांसाठी सामाजिक कृतज्ञता निधी उभारताना डॉ. श्रीराम लागू यांच्यासह ज्या नटांनी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले, त्यांत ते होते. त्या शिव्या ही आपल्या अभिनयाची पावती असे मानून त्यांनी त्या हसत घेतल्या. पागनिसांना मिळालेले नमस्कार आणि फुल्यांना मिळालेल्या शिव्या यांचे मूळ एकच. दोन्ही पत्ता चुकून दुसऱ्याच्या दारी पडलेली पत्रे होत.

येथे एक आक्षेप घेतला जाईल व तो खोटा नाही. नट स्वतःच आपले खाजगी आयुष्य विकावयास काढतात, मग गिऱ्हाइकाने माल पारखला तर रागावता का? आज लग्नाच्या, मुलाच्या बारशाच्या, नव्या घराच्या चित्रांची जाहीर मांडणी नट स्वतःच करतात. ज्या वस्तू ते वापरतात की नाही हे देवच जाणे, त्यांची शिफारस करतात. बाबूराव पटेलांच्या 'फिल्मइंडिया' मासिकाने १९३५ पासून तिखट भाषेत नटनट्यांवर कोरडे ओढले, तेव्हा त्यांतले पुष्कळ जण आतून सुखावतही असत, कारण निंदेनेही नाव होते. हे सर्व मान्य. जो मनुष्य आपले घर दुकान म्हणून मांडतो त्याने पायरीवर गर्दी झाल्याची तक्रार करू नये. परंतु यावरून निघते ते एवढेच, की त्याने विकावयास मांडलेल्या वस्तूची चिकित्सा करण्याचा आपल्याला अधिकार आहे. जाहिरात खोटी असेल तर ती खोटी आहे असे म्हणावे. त्याने काय विकावयास मांडले नाही, याची झडती घेण्याचा अधिकार त्यातून निघत नाही.

मग नटाच्या वर्तनाबद्दल समाजाने बोलूच नये काय? अवश्य बोलावे, पण नजर कोठे लावावी हे आधी ठरवावे. आजवर आपण पाहिले ते नटाचे प्रेम कोणावर जडले, त्याने सिगारेट ओढली की नाही, नटीने कोणते वस्त्र नेसले. याच काळात चित्रगृहाच्या पडद्यामागे जे चालले होते त्याकडे आपले लक्ष नव्हते. केरळात २०१७ मध्ये एका नटीवर अत्याचार झाला. त्यानंतर तेथील सरकारने न्यायमूर्ती के. हेमा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने डिसेंबर २०१९ मध्ये अहवाल दिला. तो लोकांपुढे आला ऑगस्ट २०२४ मध्ये, तोही काही भाग वगळून. काम मिळविण्यासाठी स्त्रियांकडे केल्या जाणाऱ्या मागण्या, तोंड उघडणाऱ्यांना काम न मिळू देण्याची व्यवस्था, साधी स्वच्छतागृहेसुद्धा नसणे, अशा गोष्टी त्यात नोंदलेल्या आहेत. अहवाल साडेचार वर्षांहून अधिक काळ पडून राहिला. त्या काळात कोणत्या नटाचे कोणाशी बिनसले यावर या देशात किती शब्द खर्ची पडले असतील! ज्या वर्तनाने दुसऱ्या माणसाला खरी इजा होते ते पाहण्याची आपल्याला सवय नाही, आणि ज्याने केवळ आपल्या मनातली मूर्ती हलते त्यावर आपण पंचायत भरवितो.

तेव्हा आम्ही एक साधा भेद सुचवितो. नटाचे काम रंगमंचावरील वा पडद्यावरील म्हणून पारखावे, आणि ते वाईट असेल तर सदाचाराची सबब ऐकू नये. नटाकडून कोणाला इजा झाली असेल, विशेषतः त्याच्या हाताखालच्या दुबळ्या माणसाला, तर कायद्याने व लोकमताने त्याला इतर कोणाहीप्रमाणे जाब विचारावा, आणि त्याची कला कितीही थोर असली तरी तिचा आडोसा त्याला देऊ नये. उरलेले सर्व, म्हणजे त्याचे प्रेम, त्याचे दुःख, त्याचे म्हातारपण, त्याचे घर, हे त्याचे आहे. या तिसऱ्या भागावर आपण १८५३ पासून जो हक्क सांगत आलो तो तिकिटाच्या किमतीत कधी समाविष्टच नव्हता. तिकीट घेणाराने तीन तासांचा खेळ विकत घेतला. माणूस विकत घेतला नाही.

एवढे ध्यानात ठेविले तर १९११ ची ती कथाही आपण निराळ्या रीतीने सांगू शकू. त्या रात्री नारायणरावांनी केले ते त्यांच्या स्वभावानुसार केले. त्यांच्या निष्ठेला आमचाही नमस्कार आहे. परंतु पुढच्या वेळी ती कथा मुलांना सांगताना एक वाक्य जोडावे: त्या रात्री प्रयोग झाला नसता, तर प्रेक्षकांनी घरी परत जाऊन त्या मुलीसाठी हळहळणे, हेही मायबाप या नावाला तितकेच शोभून दिसले असते.